मुरलेले हात, नवी प्रणाली : विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या एका कार्यालयाचा प्रकरण अभ्यास

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे यंत्रे धडधाकट आहेत, पण अटींत बसत नाहीत, अशी अवस्था अनेक ठिकाणी झाली. या प्रकरणातले कार्यालय त्यांपैकीच एक. हिशेब आणि कागदपत्रे हे तिथले काम, माणसे मोजकी, आणि प्रत्येकाचा संगणकाशी संबंध बऱ्याच वर्षांचा. नवी यंत्रे न घेता आहेत त्याच यंत्रांवर लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचे ठरले. प्रणाली बसवणे हा त्यातला सोपा भाग होता. ती बसवून झाल्यावर या माणसांचा तिच्यावर हात बसावा, ही जबाबदारी माझ्याकडे आली, आणि हे लेखन त्या जबाबदारीपुरतेच मर्यादित आहे.

तीन व्यक्तींचा इथे विचार केला आहे. पहिल्या लेखापाल बाई. स्प्रेडशीटमध्ये काम करताना त्यांचा हात माऊसकडे क्वचितच जातो. दुसरे दस्तऐवज तयार करणारे तरुण सहकारी. त्यांचा सगळा दिवस लेखनाचा प्रोग्राम, ब्राउझर आणि प्रिंटर यांत जातो. तिसरे ज्येष्ठ सहकारी, ज्यांची कार्यालयातली ओळख ‘संगणकाचं तेच बघतात’ अशी आहे. बॅच फाइली (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली) लिहिणे, बॅकअप घेणे, दुसऱ्यांच्या यंत्रावरचा बिघाड काढणे ही कामे त्यांच्या नेमणुकीत कुठेही लिहिलेली नाहीत, पण वर्षानुवर्षे ती त्यांनीच केली आहेत. नवी प्रणाली अंगवळणी पडण्याचा क्रम या तिघांत उलटा निघाला. जुन्या प्रणालीचे अंतरंग ज्यांना सर्वांत कमी ठाऊक होते ते तरुण सहकारी सर्वांत आधी रुळले, आणि जे तिच्यात पूर्ण मुरलेले होते त्यांनाच सर्वाधिक ठेचा लागल्या. हा फरक वयाचा नव्हता आणि आकलनाचा तर मुळीच नव्हता.

जाणकार का अडतो

नवशिक्याला आपल्याला काही येत नाही हे ठाऊक असते, म्हणून तो विचारतो. जाणकाराकडे मात्र प्रत्येक अडचणीचे स्पष्टीकरण आधीच तयार असते, आणि ते स्पष्टीकरण बहुतेक वेळा इतके सुसंगत असते की ते दुसऱ्याच यंत्रणेचे आहे अशी शंका त्याला येत नाही. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये संगणक वापरणाऱ्यांच्या दोन प्रवृत्ती मांडल्या होत्या. एक, माणसाला हातातले काम उरकायचे असते, त्यासाठी थांबून शिकायचे नसते. दोन, समोर आलेली नवी गोष्ट तो आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीच्या साच्यात बसवून समजून घेतो. मूळ मांडणी सर्वच वापरकर्त्यांविषयी आहे. माझ्या मते जाणकारांच्या बाबतीत दुसरी प्रवृत्ती अधिक बळावते, कारण त्यांच्याकडे साचे जास्त असतात आणि ते आजवर बरोबरही ठरलेले असतात.

याची दुसरी बाजू शिकवणाऱ्याची आहे. कल्युगा, स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की नवशिक्यांना उपयोगी पडणारे पायरीपायरीचे सविस्तर मार्गदर्शन जाणकारांना निरुपयोगी ठरते, आणि प्रसंगी त्यांच्या शिकण्यात अडथळाही आणते. प्रशिक्षणाचा प्रचलित आराखडा नेमका त्याच स्वरूपाचा असतो. डेस्कटॉप म्हणजे काय, फोल्डर कसा तयार करावा, फाइलचे नाव कसे बदलावे, अशा क्रमाने तो सुरू होतो. वीस वर्षे फोल्डर तयार करणाऱ्या माणसाचे लक्ष अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासातच उडते, आणि मग ज्या दोन-तीन गोष्टी त्याने खरोखर ऐकायला हव्या असतात त्याही त्याच्या कानावरून जातात.

याच्या उलट टोकाला समानार्थी आज्ञांचा तक्ता असतो : विंडोजमध्ये ‘डीआयआर’ ती इथे ‘एलएस’, तिथे ‘कॉपी’ ती इथे ‘सीपी’, तिथे ‘रेन’ ती इथे ‘एमव्ही’. जाणकारांना असा तक्ता फार आवडतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो पहिल्याच दिवशी मागून घेतला. पहिले काही दिवस त्याचा उपयोग होतोही. पण दोन प्रणालींत फरक आहे तो केवळ नावांचा, असा समज तो नकळत रुजवतो, आणि पुढचे बरेचसे अपघात याच समजातून होतात.

म्हणून अभ्यासक्रम आधी आखला नाही. प्रत्येकाच्या शेजारी बसून त्यांचे रोजचे काम पाहिले, आणि हात न अडता जी कृती झाली तिच्याविषयीच विचारले : ही सवय कशासाठी लागली? मुरलेल्या माणसाची सवय सहसा निष्कारण नसते. तिच्यामागे कधीतरी झालेले नुकसान किंवा वाचवलेला वेळ असतो. ते कारण नव्या प्रणालीतही बहुधा कायम राहते, बदलते ती त्याला अनुसरून करायची कृती. या एका सूत्रावर पुढचे सगळे काम चालले.

जिथे शिकवायची गरजच नव्हती

लेखापाल बाईंची मुख्य तक्रार सूत्रांविषयी होती. एक्सेलमध्ये दुसऱ्या शीटमधला आकडा घेताना शीटच्या नावानंतर उद्गारचिन्ह येते. लिबरऑफिस कॅल्कला तिथे टिंब अपेक्षित असते. बाईंचा हात दर वेळी उद्गारचिन्हाकडे जाई आणि सूत्र चुके. कॅल्कच्या पर्यायांमध्ये सूत्रलेखनाची पद्धत एक्सेलसारखी करून घेण्याची सोय आहे. ती सुरू केली आणि विषय तिथेच संपला. आता नवे वापरता तर नव्याचीच पद्धत शिका, असा आग्रह धरणारे लोक आहेत. मला तो पटत नाही. जिथे फरकामागे वेगळी कल्पना नाही, केवळ वेगळी खूण आहे, तिथे माणसाला वळण लावण्यापेक्षा सेटिंग बदलणे केव्हाही स्वस्त पडते. जाणकाराची शिकण्याची तयारी अमर्याद नसते, तेव्हा ती अशा ठिकाणी खर्च करू नये.

फाइलींच्या नावांचे प्रकरण मात्र असे सेटिंगने मिटणारे नव्हते. विंडोज सर्वसाधारणपणे नावांतील रोमन लिपीच्या मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक करत नाही. नाव जसे लिहिले तसे ती जपून ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत ती दोन स्वतंत्र नावे असतात. बाई काम संपल्यावर खतावणी ‘सेव्ह ॲज’ने, नाव पुन्हा टंकून साठवत असत, म्हणजे ‘जुनी फाइल बदलायची का?’ हा प्रश्न येई आणि आपण योग्य फाइलवरच लिहीत आहोत याची खात्री पटे. एके दिवशी नावाचे पहिले अक्षर लहान पडले आणि तो प्रश्न आलाच नाही. तेव्हापासून एकाच फोल्डरात दोन खतावण्या नांदू लागल्या आणि नोंदी कधी एकीत, कधी दुसरीत पडत राहिल्या. हे उघडकीस आले ते पेन ड्राइव्हमुळे. ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा होता, ती पद्धत मोठे-लहान अक्षर एकच मानते, त्यामुळे दोन्ही फाइली त्यावर नेताना ‘या नावाची फाइल आधीच आहे’ असा इशारा आला. बाईंना यातून एकच गोष्ट सांगावी लागली : नेहमी येणारा प्रश्न आला नाही तर थांबायचे. त्यांची खात्री करून घेण्याची सवय उत्तमच होती. फक्त, प्रश्न न येणे हीसुद्धा एक सूचना असू शकते, ही भर तिच्यात पडली.

त्याच पेन ड्राइव्हने दुसराही प्रसंग घडवला. कॉपी संपल्याची पट्टी नाहीशी होताच बाईंनी ड्राइव्ह ओढून काढला, आणि दुसरीकडे लावल्यावर फाइलचे नाव दिसत होते, पण फाइल उघडेना. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ‘झटपट काढणे’ हे धोरण मूळचेच लागू असते, त्यामुळे बाईंची सवय तिथे बिनधोक होती. लिनक्स मात्र लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेते आणि सवडीने ड्राइव्हवर उतरवते. पट्टी संपली याचा अर्थ मजकूर मेमरीने स्वीकारला एवढाच असू शकतो. ‘इजेक्ट’ दाबून ड्राइव्ह काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबावे, हा नियम कारणासह सांगितला तेव्हा तो लगेच पाळला गेला. त्याआधी तोच नियम मी नुसता सांगितला होता आणि बाईंनी तो जुन्या काळचा सोपस्कार समजून सोडून दिला होता. जाणकाराला कारण सांगितल्याशिवाय नियम देऊ नये, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला मिळाले नाही.

‘डी ड्राइव्ह’ कुठे गेला

या प्रकरणाचा गाभा ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या यंत्रावर घडला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

कार्यालयातील पत्रांचे आणि करारांचे नमुने त्यांच्या यंत्रावर असत. एके सकाळी त्यांनी एक नमुना लिबरऑफिस रायटरमध्ये उघडला तर तो केवळ वाचण्यापुरता उघडला. बदल साठवता येईना. त्यांचे निदान तत्काळ तयार झाले. फाइल केवळ वाचण्यासाठी उघडते, म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी उघडी आहे. त्यांनी चालू असलेले सगळे प्रोग्राम तपासले. लिबरऑफिस फाइल उघडताना तिच्याशेजारी एक छुपी लॉक फाइल तयार करते हे त्यांना माहीत होते, म्हणून छुप्या फाइली दाखवून तिचा शोध घेतला. ती नव्हती. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. तरीही तेच. मग तोच नमुना बाहेरच्या डिस्कवरच्या मूळ प्रतीतून उघडून पाहिला, तर तो व्यवस्थित उघडला आणि साठवलाही गेला. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की यंत्रातली डिस्कच खराब होऊ लागली आहे, आणि मला बोलावले तेव्हा ते डिस्कची तपासणी लावण्याच्या बेतात होते. या साखळीतला प्रत्येक दुवा विंडोजच्या नियमांनुसार बरोबर आहे. बिघाड शोधण्याची शिस्त म्हणून तर ती आदर्श म्हणावी अशी आहे.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, त्या फोल्डरवर ‘एलएस -एल’ ही फाइलींची तपशीलवार यादी देणारी आज्ञा चालवताच उलगडा झाला. प्रत्येक फाइलच्या ओळीत, मालकाच्या रकान्यात, त्यांचे नाव नसून ‘रूट’ (प्रणालीचे सर्वाधिकार असलेले खाते) होते, आणि इतरांना फक्त वाचण्याची परवानगी होती. हे कसे झाले असावे, असे विचारल्यावर त्यांनी शांतपणे हकीकत सांगितली. जुन्या यंत्रावर सगळे काम ते डी ड्राइव्हवर ठेवत असत. इथे डी ड्राइव्ह दिसेना, म्हणून त्यांनी फाइलव्यवस्थेच्या मुळाशीच ‘/ऑफिस’ नावाचा फोल्डर करायचे ठरवले. तिथे फोल्डर तयार करण्याचा पर्याय बंद होता. फाइल व्यवस्थापकात उजवे बटण दाबल्यावर ‘रूट म्हणून उघडा’ अशी सोय दिसली. ती त्यांना विंडोजमधल्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’सारखीच वाटली. वर लाल पट्टी असलेली खिडकी उघडली, त्यांनी तिच्यात फोल्डर केला आणि बाहेरच्या डिस्कवरून सगळे काम त्यात आणून टाकले.

इथे दोन कृतींचे दिसणे सारखे आणि अर्थ वेगळा आहे. विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ दाबणाऱ्या माणसाच्या खात्यालाच तो अधिकार असेल, तर तो माणूस तोच राहतो, केवळ त्याचे अधिकार वाढतात. शिवाय तिथे नव्या फाइलला परवानग्या मिळतात त्या ती ज्या फोल्डरात तयार झाली त्याच्याकडून, वारशाने, त्यामुळे पुढे साध्या अधिकारांनीही ती सहसा उघडता-बदलता येते. लिनक्समध्ये रूट म्हणून काम करणे म्हणजे तेवढ्या वेळापुरती दुसरी व्यक्ती होणे. त्या व्यक्तीने तयार केलेली फाइल त्या व्यक्तीच्याच मालकीची होते, मग ती कुणाच्याही फोल्डरात असो. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला की अधिकार वाढवून काम पुढे रेटणे हा विंडोजच्या जाणकाराचा अंगभूत उपाय आहे. लिनक्समध्ये तो संदेश बऱ्याचदा ‘अधिकार कमी पडतात’ असे सांगत नसून ‘जागा चुकली’ असे सांगत असतो. हे एक वाक्य त्यांनी स्वतः लिहून घेतले.

मालकी बदलण्याची आज्ञा ‘सीएचओन’ चालवून पाच मिनिटांत विषय मिटवता आला असता. पण मूळ प्रश्न विचारायचा राहिला होता : काम होम फोल्डरबाहेर, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवायचे ते कशासाठी? त्यांचे उत्तर अनुभवातून आलेले होते. विंडोज बिघडली की सी ड्राइव्ह पुसून ती नव्याने बसवावी लागते, डेस्कटॉपवर आणि वापरकर्त्याच्या फोल्डरात ठेवलेले काम जाते, डी ड्राइव्हवरचे वाचते. प्रणाली एकीकडे आणि काम दुसरीकडे, हे तत्त्व निर्विवाद शहाणपणाचे आहे.

प्रश्न एवढाच होता की नव्या घरात त्यांनी काम नेमके प्रणालीच्या बाजूला नेऊन ठेवले होते. मिंटसोबत टाइमशिफ्ट नावाचे साधन येते. ते प्रणालीच्या ठरावीक वेळच्या प्रती घेऊन ठेवते आणि बिघाड झाल्यास तिला मागच्या स्थितीत नेते. मूळच्या मांडणीत ते वापरकर्त्यांचे होम फोल्डर वगळते, कारण प्रणाली मागे नेताना माणसाचे कामही मागे जाऊ नये. ‘/ऑफिस’ मात्र होमच्या बाहेर, प्रणालीच्याच विभागात होता, म्हणजे तो प्रत्येक प्रतीत समाविष्ट होत होता. पुढे एखाद्या अद्ययावतीकरणाने गडबड केली असती आणि त्यांनी टाइमशिफ्टने चार दिवस मागे जाणे पत्करले असते, तर त्या चार दिवसांतले सगळे नमुनेही निमूटपणे चार दिवसांपूर्वीच्या रूपात परतले असते. विंडोजचा ‘सिस्टीम रिस्टोअर’ वैयक्तिक दस्तऐवजांना हात लावत नाही. टाइमशिफ्ट त्याच्यासारखेच आहे हे त्यांचे गृहीतक होते, आणि रोजची प्रत घेण्याची वेळही त्यांनी हौसेने लावून ठेवली होती. जुन्या प्रणालीत काम वाचवणारी त्यांची युक्ती इथे ते गमावण्याची वाट होऊन बसली होती.

उपाय त्यांच्याच तत्त्वातून निघाला. काम होम फोल्डरात हलवले आणि मालकी दुरुस्त केली. नंतर सवडीने डिस्कवर वेगळा विभाग करून तो ‘/होम’ या ठिकाणी जोडला, म्हणजे प्रणाली नव्याने बसवायची वेळ आली तरी तो विभाग न पुसता वापरता येईल. ड्राइव्हला अक्षर नसते, सगळी फाइलव्यवस्था हे एकच झाड असते आणि कोणताही विभाग त्या झाडाच्या कोणत्याही फांदीवर जोडता येतो, ही कल्पना मी आदल्या आठवड्यात आकृती काढून समजावली होती. तेव्हा त्यांनी मान डोलावली होती आणि ‘/ऑफिस’ आधीच तयार झालेला होता. आपला हरवलेला डी ड्राइव्ह ‘/होम’ या नावाने परत मिळाला हे पाहिल्यावर ती कल्पना त्यांची झाली. टाइमशिफ्ट होम वगळते याचीच दुसरी बाजू अशी की दस्तऐवजांचा बॅकअप ते घेत नाही. त्यासाठी बाहेरच्या डिस्कवर वेगळी व्यवस्था लागते. हे त्यांनी न सांगता ओळखले.

बॅच फाइलींचे भाषांतर

बॅच फाइलींच्या बाबतीत आज्ञांच्या तक्त्याची मर्यादा लवकर उघडी पडली. ‘रेन *.टीएक्सटी *.बॅक’ ही ओळ विंडोजमध्ये सगळ्या मजकूर फाइलींची शेपटे (नावातला टिंबानंतरचा भाग) बदलते. त्यांनी तक्त्याप्रमाणे ‘रेन’च्या जागी ‘एमव्ही’ घातले. सराव फोल्डरात तीन फाइली होत्या. शेवटचे नाव फोल्डरचे नाही अशी तक्रार करून आज्ञा थांबली. ‘एमव्ही’त काही खोट असावी असे त्यांना वाटले.

या वेळी स्पष्टीकरण देण्याआधी त्यांना त्याच ओळीच्या सुरुवातीला ‘ईको’ (पुढचे शब्द नुसते पडद्यावर दाखवणारी आज्ञा) हा शब्द घालून ती चालवायला सांगितली. पडद्यावर तिन्ही फाइलींची नावे एकापुढे एक आणि शेवटी जशीच्या तशी ‘*.बॅक’ ही अक्षरे उमटली. ताऱ्याचा अर्थ लावण्याचे काम विंडोजमध्ये त्या त्या आज्ञेकडे असते, लिनक्समध्ये ते शेल, म्हणजे टंकलेली ओळ वाचणारा प्रोग्राम, आधीच उरकते आणि आज्ञेच्या हाती तयार नावांची यादी देते. ‘*.बॅक’ला जुळणारी एकही फाइल नसल्यामुळे ती अक्षरे तशीच राहिली. मग त्यांना विचारले : फोल्डरात एकच मजकूर फाइल आणि एकच जुनी बॅक फाइल असती तर? थोडा वेळ विचार करून त्यांनी अचूक सांगितले की पहिली दुसरीवर जाऊन बसेल, दुसरीतला मजकूर नाहीसा होईल, आणि यंत्र चकार शब्द काढणार नाही. एंटर दाबण्याआधी काय होईल ते सांगायचे आणि मग दाबून पाहायचे, हा सराव जाणकारांना कंटाळवाणा वाटत नाही, कारण त्यात त्यांची जुनी विद्या पणाला लागते. चुकलेला अंदाज लक्षात राहतो. वाचलेला इशारा सहसा राहत नाही.

त्याच ओघात त्यांनी आपल्या बॅकअपच्या फाइलीतला ‘*.*’ स्वतःच पकडला. विंडोजमध्ये त्याचा अर्थ ‘सर्व फाइली’ असा होतो, लिनक्समध्ये मात्र ‘ज्यांच्या नावात टिंब आहे अशा’. शेपूट नसलेल्या फाइली त्या बॅकअपमधून कोणतीही सूचना न देता गळाल्या असत्या.

कंट्रोल-सीची गोष्ट थोडक्यात सांगतो. चालू आज्ञेतली चुकीची ओळ निवडून त्यांनी ती कॉपी करायला कंट्रोल-सी दाबले. विंडोज १० च्या कन्सोलमध्ये मजकूर निवडलेला असताना त्याने कॉपी होते. इथे आज्ञाच बंद पडली. टर्मिनलमध्ये कॉपीसाठी सोबत शिफ्ट लागते, एवढेच सांगणे पुरेसे ठरले.

साम्याची किंमत

मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप विंडोजला जवळचा आहे : खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. तरुण सहकाऱ्यांना या साम्याचा निखळ फायदा झाला. त्यांना काही सांगावे लागले ते एकाच बाबतीत. प्रिंटरसाठी संकेतस्थळावरून ईएक्सई फाइल उतरवण्याचा त्यांचा बेत होता, पण तिची गरजच नव्हती. प्रिंटर नेटवर्कवर आपोआप सापडला, आणि प्रोग्राम हवा असेल तर तो आधी सॉफ्टवेअर व्यवस्थापकात शोधायचा, हे त्यांनी फोनच्या सवयीमुळे विनासायास स्वीकारले. ज्येष्ठ सहकाऱ्यांसाठी मात्र हेच साम्य घातक होते, कारण वरवरची प्रत्येक खूण त्यांना आतले नियमही तेच असल्याची ग्वाही देत होती. त्यांच्या यंत्रावर अगदी वेगळा दिसणारा डेस्कटॉप द्यावा का, असा विचार मी केला होता. तो सोडला, कारण उरलेल्या दोघांच्या अडचणी त्यांनाच सोडवायच्या होत्या आणि त्यासाठी पडदा सारखा असणे सोयीचे होते.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात कुठे लिहिलेली नसते. पहिल्या आठवड्यात कार्यालयातील प्रत्येक जण अडला की त्यांना ओलांडून माझ्याकडे येऊ लागला. वर्षानुवर्षे ज्याच्याकडे सगळे विचारायला येतात त्याच्या टेबलाकडे कुणी फिरकेनासे झाले, तर त्याला नवी प्रणाली आवडण्याचे कारण उरत नाही. तेव्हापासून माझ्याकडे आलेला प्रश्न मी आधी त्यांच्याकडे पाठवू लागलो, आणि त्यांना उत्तर माहीत नसले तर आम्ही दोघे मिळून शोधू लागलो. लेखापाल बाईंना दोन खतावण्यांमागचे कारण समजावून सांगितले ते त्यांनी, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

सध्याची स्थिती

तिन्ही यंत्रांवर रोजचे काम आता लिनक्सवर चालते. बॅच फाइलींपैकी ज्या वापरात होत्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शेल स्क्रिप्टच्या रूपात नव्याने लिहिल्या, आणि नाव बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या प्रत्येक ओळीवर आधी ‘ईको’ लावून पाहण्याचा नियम स्वतःला घालून घेतला. होम फोल्डरांची प्रत दररोज बाहेरच्या डिस्कवर जाते. रूट म्हणून उघडण्याची सोय त्यांच्या यंत्रावर अजून आहे. ती काढून टाकावी असे मी सुचवले नाही, कारण प्रणालीची देखभाल करणाऱ्याला ती कधीतरी लागणारच.

एक काम मात्र हललेले नाही. लेखापाल बाईंच्या एका जुन्या एक्सेल पुस्तकात व्हीबीए या एक्सेलच्या भाषेत लिहिलेले लांबलचक मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञांच्या मालिका) आहेत. लिबरऑफिस व्हीबीए काही प्रमाणात चालवते, पण हे मॅक्रो त्यात नीट चालले नाहीत, आणि ‘जवळजवळ बरोबर’ येणारी बेरीज हिशेबात चालत नाही. त्यासाठी विंडोजचे एक जुने यंत्र नेटवर्कपासून तोडून बाजूला ठेवले आहे. फाइल पेन ड्राइव्हने तिथे जाते आणि परत येते. ते पुस्तक कॅल्कमध्ये नव्याने बांधण्याचे काम बाईंनी वर्षअखेरीचे हिशेब पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलले आहे.